दहाव्या नंबरची फाइल

बायकोचं काम सोपं करायला जाऊ नये. मी गेलो.

सासरे अठ्ठावीस वर्षं दीपगृहावर दिवा सांभाळून निवृत्त झाले आणि आमच्याकडे राहायला आले. एवढी वर्षं समुद्राशिवाय कुणाशी बोलायची सवय नसलेला हा माणूस एका संध्याकाळी चहा पिता पिता अचानक आठवणी सांगायला लागला. बायकोने ठरवलं, बाबांचं बोलणं रोज अर्धा तास कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं. फाइलचं नाव ती हाताने टाइप करणार होती.

"हाताने?" मी हसलो. (ऑफिसने मला नुकताच पंधरा दिवसांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स करायला लावला होता. मी चौदाच दिवस गेलो. शेवटच्या दिवशी दाढ दुखत होती.) "मी प्रोग्रॅम लिहितो. तू नुसतं बटण दाब. नंबर आपोआप पडेल."

"नक्की ना?"

"अगं, यात चुकण्यासारखं आहे काय?"

खरंच नव्हतं. फोल्डरमधल्या फाइली मोजायच्या, त्यात एक मिळवायचा, की नवा नंबर तयार. दहा दिवसांत एक ते दहा नंबर शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे राहिले.

अकराव्या दिवशी बायको म्हणाली, "चौथी फाइल पुसून टाकली हं."

"का?"

"तिच्यात बाबा चार मिनिटं बोलतात. उरलेला वेळ तुम्ही त्यांना दीपगृह म्हणजे काय ते समजावून सांगताय."

मी विषय बदलला.

पुढे वीस दिवसांनी तिने धाकट्या भावाला सगळं पाठवायचं म्हणून फोल्डर उघडलं.

"अहो, एकोणतीस फाइली हव्यात. इथे नऊच आहेत!"

मी कोड उघडला आणि बोटांवर हिशेब केला. दहातली एक गेली, उरल्या नऊ. नऊ अधिक एक दहा. पण दहावी आधीच होती! प्रोग्रॅमने कुणाला काही न विचारता नवी फाइल तिच्या जागी बसवली. म्हणजे पुन्हा नऊच. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहावी. वीस दिवस सासरे स्वतःच्याच कालच्या बोलण्यावर बोळा फिरवत होते.

"वादळाची रात्र कुठाय?" बायकोने विचारलं. बाबांनी सांगितलेली ती आठवण ऐकताना ती ढसाढसा रडली होती.

"दहावीत... होती."

"आणि आता दहावीत काय आहे?"

आम्ही लावून पाहिलं. दिव्याची काच पुसायला कुठलं फडकं चांगलं, यावर सासरे अर्धा तास बोलत होते.

"बाबांना तुम्हीच सांगा," ती म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

सासरे गॅलरीत बसले होते.

"बाबा, माझ्या चुकीमुळे वीस दिवसांचं पुसलं गेलं."

"वादळाचंही?"

"हो."

त्यांनी कप खाली ठेवला. "बरं झालं."

"म्हणजे?"

"दिवा फिरवायचं यंत्र बंद पडलं आणि रात्रभर तो मी हाताने फिरवला, असं सांगितलं ना? जावईबापू, मला झोप लागली होती. फिरवला माझ्या जोडीदाराने. बिचारा आता नाही. पोरगी इतकी रडली, की मग खरं सांगायला तोंड उघडेना. तेव्हापासून घास गोड लागत नाही. बोलवा तिला."

त्या संध्याकाळी त्यांनी ती रात्र पुन्हा सांगितली. जोडीदाराचे सोललेले हात, पहाटे सुखरूप आलेल्या होड्या, आणि त्याने वरिष्ठांपुढे यांच्या झोपेबद्दल एक शब्दही न काढणं. बायको पहिल्यापेक्षा जास्त रडली. मग बापाचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली.

माझ्या चुकीने केवढं भलं झालं, असं मी मधे म्हणून पाहिलं. कुणी दुजोरा दिला नाही.

प्रोग्रॅम आता बंद आहे. सासरे टाइप करायला शिकलेत आणि प्रत्येक फाइलला एका बोटाने स्वतः नाव देतात : 'जावयाने हात लावू नये - एक', 'जावयाने हात लावू नये - दोन'. काल चौतिसावी झाली. अजून एकही नंबर चुकलेला नाही.