दहा मिनिटं पेन खाली

आमच्या कंपाउंडमधल्या एका मांजराने माझ्या ताटातली तळलेली सुरमई पळवली तेव्हा मी त्याला चोर म्हणालो. वरच्या गॅलरीतून लगेच आवाज आला, "सुहास, शब्द मागे घे." केळुसकर मॅडम कठड्यावरून वाकून उभ्या होत्या. मग काय म्हणू, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "विधिसंघर्षग्रस्त मांजर म्हण. आणि आधी त्याची बाजू ऐकून घे."

सुरमईची बाजू कोण ऐकणार, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण सौदीतल्या जुबैलच्या उन्हात केळुसकर मॅडमशी वाद घालण्यापेक्षा दुसरा तुकडा तळणं सोपं होतं.

हा अवघड शब्द मॅडमनी शोधलेला नाही, तो कायद्यातला आहे. मुलाने काहीही केलेलं असो, त्याला आरोपी म्हणायचं नाही, गुन्हेगार म्हणायचं नाही, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणायचं. पोलिसांनी पकडलेलं मूल बाल न्याय मंडळापुढे जाण्याआधी ज्या बाईसमोर बसतं ती बाई म्हणजे आमच्या मॅडम. त्या टेबलाला त्या 'दाखल टेबल' म्हणतात. कोकणातल्या एका जिल्ह्याच्या गावी त्यांनी तीस वर्षं ते टेबल सांभाळलं आणि निवृत्त झाल्यावर मुलाकडे, म्हणजे मंदारकडे, सौदीला आल्या. टेबल तेवढं मागे राहिलं.

पण संघटना बरोबर आली. अशी टेबलं सांभाळणाऱ्यांची एक संघटना आहे, तिचे जेमतेम तीस-पस्तीस सभासद आहेत, आणि मॅडम तिच्या सरचिटणीस आहेत. निवृत्तीनंतरही त्यांना कुणी हटवलं नाही. हटवायचा ठराव मांडायचा तर तो आधी सरचिटणिसांकडेच पाठवावा लागतो. संघटनेचा सर्वात मोठा विजय कोणता, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्या छाती फुगवून म्हणाल्या, "खुर्ची." दाखल टेबलापुढे मुलाला उभं करायची पद्धत होती. संघटनेने अकरा वर्षं अर्ज केले आणि मुलासाठी एक खुर्ची मंजूर करून घेतली. ती आली तेव्हा मॅडमच्या खुर्चीपेक्षा चार बोटं ठेंगणी निघाली. मग मॅडमनी स्वतःच्या खुर्चीचे पाय सुताराकडून कापून घेतले आणि त्याचं बिल सरकारला लावलं.

मी एका कंत्राटदार कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. अपघात झाला की फॉर्म भरणं हे माझं काम. त्यामुळे मॅडमनी मला पाहताक्षणी हेरलं आणि संघटनेचा बिनपगारी टायपिस्ट करून टाकलं. शुक्रवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन वर जायचं, त्यांनी फेऱ्या मारत मजकूर सांगायचा. मध्येच मी काही शंका काढली की त्या म्हणत, "विषयाला धरून बोल." मध्येच त्यांनी एखाद्या सभासदाच्या स्वभावाचं वर्णन केलं की म्हणत, "हे इतिवृत्तात नको." इतिवृत्तात न आलेला मजकूर माझ्या मते जास्त वाचनीय होता.

त्यांचा प्राण अडकला होता तो एका नियमात. संघटनेच्या मार्गदर्शिकेतला नियम क्रमांक एक: दहा मिनिटं पेन खाली. मूल समोर बसलं की पहिली दहा मिनिटं काहीही लिहायचं नाही, त्याच्याकडे बघायचं. ते बोललं तर ऐकायचं, गप्प बसलं तर आपणही गप्प बसायचं. या नियमाची मॅडमना इतकी सवय जडली होती की त्या कुणावरही तो लावत. मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा दहा मिनिटं माझ्याकडे नुसतं पाहत होत्या. आठव्या मिनिटाला मी आपण होऊन सांगितलं की बायकोपासून लपवून मी सिगारेट ओढतो.

दर तीन महिन्यांनी व्हिसासाठी समुद्रावरच्या पुलावरून बहरीनला जाऊन परत यावं लागे, तिथेही तेच. पासपोर्ट तपासणाऱ्या पोराकडे त्या अशा काही टक लावून पाहत की त्याने एकदा शिक्का उलटा मारला. परतताना मॅडम गाडीत म्हणाल्या, या पोराच्या घरी काहीतरी बिनसलंय. मंदार म्हणाला, "असेल." पुलाच्या त्या टोकापासून जुबैलपर्यंत तो एवढंच बोलला, हे मी मागच्या सीटवर बसून ऐकलेलं आहे.

मंदार आठ वर्षं माझा शेजारी आहे. पेट्रोकेमिकल कारखान्यात शिफ्टला जातो, चाळिशीला टेकलाय, लग्न केलेलं नाही. आठ वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोलला तेवढं माझी बायको एका सकाळी बोलते. आईशी तर त्याहून कमी. हो, बघू, खलास, या तीन शब्दांवर त्याचा संसार चाले. आईच्या गोळ्या वेळेवर आणायचा, डॉक्टरकडे न्यायचा, गुडघ्यांसाठी पट्टा आणून द्यायचा, आणि मग आपल्या खोलीत जायचा. मॅडमपुढे अख्ख्या जिल्ह्याची पोरं बोलती झाली होती. मंदारच्या खोलीच्या दाराकडे त्या पाहत बसायच्या, पण तिथे दहा मिनिटांचा उपाय चालत नसे.

माझी मुलगी इरा मात्र त्यांच्या पूर्ण कह्यात होती. बारा वर्षांच्या या कन्येने एका दुपारी कंपाउंडच्या पोहण्याच्या तलावात भांडी घासायच्या लिक्विडचा पाच लिटरचा कॅन ओतला. फेस गुडघाभर. कंपाउंडचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, पाय आपटत आला, कल्प्रिट कोण, असं ओरडू लागला. मॅडमनी त्याला हिंदीत सांगितलं की कल्प्रिट नही बोलनेका, बालिका बोलनेका, और पहले बैठनेका. मग त्यांनी इराला समोर बसवून दहा मिनिटं पाहिलं. घरात मी काहीही विचारलं तर "आय डोन्ट नो, बाबा" म्हणणारी ही मुलगी मॅडमआजीशी तासभर मराठीत बोलली.

दुसऱ्या दिवशी तीन पानी सामाजिक तपासणी अहवाल माझ्या हातात पडला, तोही मलाच टाइप करायला. कारण या सदरात लिहिलं होतं: बालिकेस फेस किती होतो हे पाहायचे होते. कौटुंबिक परिस्थिती या सदरात: वडील घरी असतात, परंतु मोबाईलमध्ये असतात. मी म्हणालो, मॅडम, हे वाक्य जरा सौम्य करू या. त्या म्हणाल्या, "टाइप कर." मुदीराने तो अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, एक अक्षर कळलं नाही, आणि तीन पानांच्या धाकाने त्याने प्रकरण मिटवलं.

आता त्या नियमावरच संक्रांत आली. संघटनेची वार्षिक सभा ऑनलाइन होणार होती आणि वाघमारे नावाच्या तरुण सभासदाने ठराव पाठवला होता: नियम क्रमांक एक रद्द करावा, मूल बसताच माहिती थेट संगणकात भरावी. वाघमारे माणूस वाईट नव्हता. त्याच्या टेबलावर दिवसाला दहा-दहा मुलं येत, वरून ऑनलाइन फॉर्म, त्याला मुदत. प्रत्येकी दहा मिनिटं नुसतं बघत बसलो तर संध्याकाळच्या मुलांचा नंबर लागेपर्यंत जेवणाची वेळ टळते आणि ती उपाशी राहतात, असं त्याने लिहिलं होतं. मॅडमनी ते तीनदा वाचलं. त्या आठवड्यात त्यांनी मांजरावरूनही हुज्जत घातली नाही. नियम गेला तर माझं तीस वर्षांचं काम पुसलं, असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या.

शनिवारी सकाळी साडेआठला, म्हणजे तिकडच्या अकराला, सभा सुरू झाली. मॅडम इस्त्रीची साडी नेसून लॅपटॉपपुढे बसल्या, मी शेजारी इतिवृत्त लिहायला. पडद्यावर मॅडमचा सोडून तीस चौकोन. एका चौकोनात कुकरच्या शिट्ट्या, एकात नुसतं छत. वाघमारे नीट बोलला, आकडे न फेकता, आवाज न चढवता, आणि मान हलवणारे चौकोन वाढत गेले. मग अध्यक्षांनी मॅडमना पाच मिनिटं दिली. त्यांचं चार पानी भाषण मीच टाइप केलेलं होतं. त्यांनी ते उचललं, आणि बाजूला ठेवलं.

"वाघमारे, तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "लगेच लिहिलं की वेळ वाचतो. मी एकदा वाचवलाय. हा नियम नव्हता तेव्हाची गोष्ट. पोलिसांनी तीन मुलं आणली. कुणाची तरी मोटारसायकल न विचारता नेली आणि नाल्यात घातली. तिसरा मुलगा माझा होता."

कुकर कुणीतरी बंद केला.

"माझा सहकारी रजेवर, साहेब म्हणाले उरका. पोराला सवलत दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून पहिल्या मिनिटापासून मी लिहायला लागले. त्याला नाव विचारलं. वडिलांचं नाव विचारलं. मग आईचं नाव विचारलं. त्याने सांगितलं, मी लिहिलं. आईचा व्यवसाय विचारला. आई घरी किती वाजता येते, असा एक रकाना आहे. तो म्हणाला, माहीत नाही. मी लिहिलं, माहीत नाही. सहा मिनिटांत फॉर्म झाला. गाडी का नेली, त्या रकान्यात मी 'वाईट संगत' लिहून टाकलं. त्याला विचारलंच नाही. नियमाचा ठराव मी पुढच्या वर्षी आणला. झालं, एवढंच."

इतिवृत्तात काय लिहावं ते मला कळेना. मी मान वर केली तर दारात मंदार उभा. नाइट शिफ्ट संपवून कंपनीच्या बसने आलेला, अंगात निळा कव्हरऑल, हातात डब्याची पिशवी. कधीपासून उभा होता कोण जाणे. मॅडमनी माझ्या नजरेच्या रोखाने मागे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

लॅपटॉपमध्ये अध्यक्ष मतदान घेत होते. ज्यांना नियम हवा त्यांनी हात वर करायचं बटण दाबावं. मोजणी झाली. पंधरा हवा म्हणणारे, पंधरा नको म्हणणारे. अध्यक्ष म्हणाले, मॅडम, तुमचं मत राहिलं.

मॅडमचं लक्ष नव्हतं. मंदार पिशवी खाली ठेवून आत आला होता.

"तू आईचं नाव विचारलंस ना," तो म्हणाला, "तेव्हा मला हसू आलं होतं. वाटलं, तूही हसशील. मग मी सांगणार होतो सगळं."

एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो.

"मला दिसलं नाही रे," मॅडम म्हणाल्या. "मी खाली बघून लिहीत होते."

अध्यक्षांनी दुसऱ्यांदा पुकारा केला, मग तिसऱ्यांदा. शेवटी मीच हात पुढे करून बटण दाबलं. मी सभासद नाही, कायद्याने मला तो अधिकार नाही, आणि त्या एका खोट्या मताने नियम टिकला. वाघमारेने मॅडमचं अभिनंदन केलं, चौकोनांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांचं अभिनंदन चाललं होतं त्यांची लॅपटॉपकडे पाठ होती. मी आवाज बंद केला, लॅपटॉप काखेत मारला आणि चपला शोधू लागलो. सापडायला जरा जास्तच वेळ लावला, हे कबूल करतो.

मंदारने खुर्ची ओढली आणि आईसमोर बसला.

"का नेली होतीस ती गाडी?" मॅडमनी विचारलं.

"तुला आणायला निघालो होतो," मंदार म्हणाला. "सात वाजून गेले होते."