ट्रॉलीत फक्त माल

"घर बाजारापासून पाच मिनिटांवर आहे," असं घरमालकीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या. पायऱ्यांच्या तळाशी उभं राहून टेलरने मान वर केली, तेव्हा ही डोंगरात जन्मलेल्या माणसाची पाच मिनिटं आहेत, हे त्याच्या लक्षात आलं. घर म्हणजे पार ढगाला टेकलेलं एक लाल छप्पर होतं.

पण आता मागे फिरायची सोय नव्हती. बायको शाळेत पी.टी. शिकवायची, दोन्ही मुली दिसेल त्यावर चढायच्या, आणि डोंगरातल्या गावात राहायचं हे तिघींचं जुनं स्वप्न. बाकीच्या गावांमधली भाडी ऐकूनच त्यांनी हात टेकले होते. हे एकच गाव खिशाला परवडणारं. इथल्या बाजारात टेलर नव्हता, म्हणून तिथलं रिकामं दुकानही त्यांनी कालच घेऊन टाकलं. राहिलं होतं घर, आणि घरमालकीणबाई माणसं बघितल्याशिवाय घर देत नव्हत्या. म्हणून टेलरने फोनवर फुशारकी मारली होती, "आमचं अख्खं घर डोंगरवेडं! मी तर लहानपणापासून कडे चढतोय." हीच थाप त्याने लग्नाआधी बायकोलाही मारली होती, आणि पुढे दर सहलीला कपड्यांच्या घाईचं निमित्त काढून निभावून नेली होती.

"तुम्ही व्हा पुढे. बुटाची नाडी बांधून आलोच," तो म्हणाला. तिघी भराभर पायऱ्या चढू लागल्या आणि हा थेट ट्रॉलीकडे गेला. भाजी, सिलिंडर, सिमेंट तारेवरून वर नेणारी ती एक लोखंडी पेटी होती.

"यात माणसं नेत नाही. पाटी वाचा. फक्त माल," ट्रॉलीवाला म्हणाला.

"मग मला माल समजा."

"माल बोलत नाही."

टेलर गप्प झाला. ट्रॉलीवाल्याने त्याला फ्लॉवरच्या दोन पोत्यांमध्ये कोंबून वरून ताडपत्री टाकली.

अर्ध्यावर वीज गेली. ट्रॉली लटकली ती नेमकी मधल्या पायऱ्यांच्या बरोबर वर. खाली तिघी पाणी प्यायला थांबल्या होत्या.

"बाबा कुठे राहिले?" धाकटीने विचारलं.

"ते आडवाटेने कधीच वर पोचले असतील," थोरली अभिमानाने म्हणाली. "कडे चढलेत ते!"

ताडपत्रीखाली त्याचे कान तापले. मुलीने आपल्यावर विश्वास टाकला की एवढी लाज वाटते, हे त्याला आजवर माहीत नव्हतं. तेवढ्यात बायकोने फोन लावला आणि आभाळात रिंग वाजली. घाबरून त्याने उचलला.

"हो, पोचतोच आहे. चढ जरा खडा आहे."

"आई, बाबा फोनमधूनपण बोलतायत आणि वरूनपण," धाकटी म्हणाली.

वरच्या कठड्याशी शेजारीपाजारी जमले. कुणीतरी ओरडलं, "अरे, फ्लॉवर फोनवर बोलतोय!" धरणीने पोटात घ्यावं असं टेलरला वाटलं, पण धरणी फार खाली होती.

वीज आली आणि ट्रॉली घरमालकीणबाईंच्या दारातच थांबली. तिघीही पोचल्या होत्या. थोरली त्याच्याकडे बघत नव्हती. डोक्यावरचं फ्लॉवरचं पान काढायचंही त्याला सुचलं नाही.

"बाई, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "आयुष्यात मी स्टुलाशिवाय कशावरही चढलेलो नाही. पण या तिघी खऱ्या आहेत हो. माझ्यामुळे त्यांना नाही म्हणू नका."

"मला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं," बायको हळूच म्हणाली. ते ऐकून त्याची मान आणखी खाली गेली.

घरमालकीणबाईंनी मात्र किल्ली पुढे केली. "आधीचे भाडेकरू सगळे डोंगरवेडे. निघाले की आठवडाभर घराला कुलूप, आणि मी भिंतींशी बोलत बसायची. मला घरात बसणारा माणूस हवाय. हा एकदा वर आला, आता काही उतरायचा नाही!"

थोरलीला हसू फुटलं. टेलरचा जीव भांड्यात पडला. बायकोने किल्ली घेतली.

"उतरतील की," ती गोड आवाजात म्हणाली. "दुकान खाली बाजारात आहे ना. रोज उतरतील, रोज चढतील. ट्रॉलीत फक्त माल जातो."

टेलर खाली वाकला आणि या वेळी खरोखरच बुटाची नाडी बांधू लागला.