कोनात बसणारे सर्जेराव

सर्जेराव चौगुले आमच्याकडे चहाला आले की आधी खुर्ची तिरकी करतात. एक डोळा मिटून भिंतीचा अंदाज घेतात, पायाच्या अंगठ्याने खुर्ची ढकलतात आणि टीव्हीकडे खांदा करून बसतात. आमच्या फरशीवर त्यांच्या नावाचा एक अर्धगोल ओरखडा कायमचा उमटला आहे. मी एकदा त्याबद्दल बोलले, तर म्हणाले, "वहिनी, सरळ बसणारा माणूस शेजाऱ्याला कोपर मारतो. जरा कोनात बसा की."

माणूस वेडा नाही. नोकरीच तशी आहे. विमानात पुढच्या बाजूला श्रीमंतांच्या खुर्च्या असतात, त्या हल्ली सरळ नसतात. प्रत्येकाला पाय पसरता यावेत आणि कुणाला कुणाचं तोंड दिसू नये म्हणून त्या तिरक्या लावतात. अशा खुर्चीच्या हातात एक टेबल दडवलेलं असतं. ते सरकत बाहेर यायचं, वहीसारखं उलगडायचं आणि भिंतीकडे न जाता बरोबर प्रवाशाच्या पोटासमोर येऊन थांबायचं. हे टेबल कुठे वळेल, किती वाकेल, कसं मिटेल, एवढंच सर्जेराव ठरवतात. आधी ते उसाच्या ट्रॉलीच्या भागांची ड्रॉइंग काढायचे. नंतर शिरोलीतल्या एका कंपनीला विमानाच्या खुर्च्यांचं काम मिळालं आणि ट्रॉली सुटली. ट्रॉलीबद्दल ते आता असं बोलतात, जसं मोठे झालेले लोक गावातल्या शाळेबद्दल बोलतात.

स्वतः विमानात ते एकदाच बसले आहेत, तेही शेवटच्या रांगेत. पडद्यापलीकडचं टेबल बघायला म्हणून पुढे गेले आणि एका साहेबाच्या मांडीजवळ उकिडवे बसून बिजागरी चाचपू लागले. हवाईसुंदरीने हात धरून परत आणून बसवलं. त्यावर त्यांची तक्रार एवढीच, की टेबल खालून नीट बघायला मिळालं नाही.

टेबलाची परीक्षा घ्यायची त्यांची पद्धत मात्र अस्सल इथली. कंपनीचे लोक पाण्याचा पेला ठेवून बघतात. सर्जेराव मटणाचं ताट ठेवतात. वाटीत काठोकाठ तांबडा रस्सा, शेजारी पांढरा, खाली पांढरा कागद. मग टेबल ओढायचं, ढकलायचं, फिरवायचं. पाणी सांडलं तर वाळून जातं, तांबडा रस्सा पुरावा सोडतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा अशा डागाळलेल्या कागदाचा फोटो त्यांनी अहवालासोबत परदेशी पाठवून दिला. तिकडे धावपळ उडाली. विमानाच्या यंत्रातलं तेलही तसंच लाल असतं म्हणे. गळती नक्की कुठून होते आहे, अशी विचारणा आली. सर्जेरावांनी उत्तर पाठवलं, की गळती नाही, तर्री आहे. ही तर्री कोणत्या प्रतीच्या तेलात मोडते, असं तिकडून पुन्हा विचारलं गेलं.

या परीक्षांसाठी त्यांनी नमुन्याच्या दोन खुर्च्या घरी आणून ठेवल्या. बाहेरच्या खोलीत, जिथे चारचौघांच्या घरी सोफा असतो तिथे, लाकडी फळीवर स्क्रूने आवळलेल्या, एकमेकींकडे पाठ वळवल्यासारख्या. एका खुर्चीतून काचेचं कपाट दिसतं, दुसरीतून गॅलरी. त्यांची बायको शालन या खुर्च्यांना 'सवती' म्हणते. येणारं-जाणारं त्यांना अडखळतं. हलवा म्हटलं की सर्जेरावांचं एकच उत्तर: नमुना पास व्हायचाय, हलवला तर कोन जाईल.

इथपर्यंत मला देणं-घेणं नव्हतं. माझा चटणीचा धंदा आहे, सकाळपासून मिरची कांडायच्या डंकाच्या आवाजात मला दुसऱ्याच्या खुर्च्यांचा विचार करायला वेळ नसतो. पण त्यांच्या मुलीसाठी, प्राजक्तासाठी, स्थळ मी आणलं, आणि खुर्च्या माझ्याही गळ्यात आल्या.

प्राजक्ता एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. मुलगी हुशार, कमी बोलणारी. स्थळ नेसरीचं. माझ्याकडून वर्षाची चटणी नेणाऱ्या देसाईबाईंचा मुलगा संग्राम, जनावरांचा डॉक्टर. मुलाचे वडील आण्णा देसाई तरुणपणी तालमीतले. आता ताकद सगळी पोटात उतरली असली तरी शब्दाचा दरारा कायम. याआधी दोन ठिकाणांहून ते चहा न घेता उठले होते, हे मला माहीत होतं. मुलांनी एकमेकांना फोनवर पसंत केलं होतं. राहिले होते ते आण्णा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे ठरलं. मी आदल्या आठवड्यापासून सांगत होते, की भाऊजी, एवढ्या खुर्च्या तेवढ्या कंपनीत पाठवा. ते ऐकेनात. शेवटी शालनने त्यांच्यावर भरतकामाच्या चादरी टाकल्या. त्याने झालं असं, की खोलीत कुणीतरी दोन जाडजूड माणसं रुसून, डोक्यावरून पांघरूण घेऊन बसली आहेत असं दिसू लागलं. मी म्हटलं, काढ त्या चादरी, त्यापेक्षा खुर्च्या बऱ्या.

पाहुणे आले. मोठ्या माणसाला मोठी खुर्ची, या हिशेबाने आण्णा थेट विमानाच्या खुर्चीत जाऊन बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की समोर काचेचं कपाट आहे आणि यजमान सगळे पाठीमागे. मान वळवून बोलणं मोठेपणाला शोभेना. तेव्हा ते कपाटातल्या बाहुल्यांकडे बघून विचारू लागले, "पाऊसपाणी काय म्हणतंय इकडं?" उत्तर त्यांच्या पाठीला मिळत होतं.

पोह्यांच्या बशा आल्या आणि सर्जेरावांना राहवलं नाही. मी डोळ्यांनी नको म्हणत होते. त्यांनी खुर्चीच्या हातातून टेबल सर्रकन बाहेर काढलं, उलगडलं, आण्णांच्या पोटासमोर आणून टक् केलं आणि बशी त्यावर ठेवली. आण्णा खूश झाले. पोहे संपले. मग त्यांनी हात धुवायला उठायचं म्हटलं.

टेबल मागे जाईना.

सर्जेरावांनी ओढलं, संग्रामने ढकललं. आण्णांनी दोन्ही हातांनी टेबल धरून, तालमीतला श्वास घेऊन जोर लावला. खुर्ची करकरली, फळी हलली, टेबल जागचं हललं नाही. सर्जेरावांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान पसरत होतं. "बघा," ते मला हळूच म्हणाले, "एवढ्या जोराला कंपनीनं कधी तपासलंच न्हवतं."

देसाईबाई आत जाऊन बसल्या होत्या. त्या शालनला विचारत होत्या, हे रोज असं असतं का.

घोटाळा काय झाला ते प्राजक्ताने ओळखलं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. कुणी कोयता पूजतो, कुणी लेथ. मी माझा डंक पूजते. सर्जेरावांनी त्या दिवशी टेबलाला हळदीकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून, वर मूठभर अक्षता टाकल्या होत्या. पूजा केलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत वापरत नाहीत, म्हणून टेबल तसंच मिटून ठेवलं. त्यातला एखादा तांदळाचा दाणा खाचेत जाऊन बसला असणार. चहाचा ट्रे माझ्या हातात देऊन, नेसलेल्या साडीसकट ती खुर्चीशेजारी फरशीवर बसली आणि केसातला आकडा काढून खाचेत घातला. संग्राम मोबाइलचा उजेड धरून तिच्याशेजारी बसला. मुलगी बघायला आलेला मुलगा आणि दाखवायची मुलगी, दोघंही आण्णांच्या गुडघ्यापाशी तांदूळ शोधत होती.

आण्णांचा आवाज चढला होता. कपाटाकडे बघतच ते म्हणाले, "चौगुले, ही अवजारं कंपनीत का ठेवत न्हाई तुम्ही?"

"नमुना पास व्हायचाय," सर्जेराव म्हणाले.

"कधी हुणार?"

सर्जेराव पुढे होऊन टेबलाची कड पुसू लागले. प्राजक्ता खाचेवरून नजर न हलवता म्हणाली, "पास होऊन झालाय. उन्हाळ्यातच. कंपनीचा टेम्पो दोनदा येऊन गेला, बाबांनी परत पाठवला."

स्वयंपाकघरात भांडं वाजायचं थांबलं. शालनला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आण्णांनी प्रथमच मान वळवायचा प्रयत्न केला, पण पोट आणि टेबल यांच्यामध्ये ते जमलं नाही.

"का गं बाई?" त्यांनी तिलाच विचारलं.

ती थोडा वेळ आकडा फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी कामावरून आले की आम्ही दोघं इथं बसतो. ते म्हणतात, प्रवासी म्हणून बस, टेबल तपासायचंय."

"मग काय करता?"

"बोलतो."

तेवढ्यात दाणा सुटला. टेबल आपोआप मागे सरकलं आणि खुर्चीच्या हातात जाऊन मिटलं. मी ट्रे खाली ठेवला आणि आण्णांच्या चपला कुठे आहेत ते बघून घेतलं, कारण आता ते उठणार आणि स्थळही उठणार, हे मला दिसत होतं. सर्जेराव दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले होते, गॅलरीकडे तोंड करून. कान लाल झाले होते. या माणसाला मी इतकी वर्षं ओळखते. टेबलाखेरीज कशावरही चार वाक्यं सलग बोलताना मी त्यांना ऐकलेलं नाही. पोरीच्या दहावीच्या निकालालासुद्धा ते पेढा हातात देऊन दुसरीकडे बघत होते.

आण्णा उठले नाहीत. त्यांनी चहा संपवला आणि मुलाला हाताने बाहेर जायची खूण केली. प्राजक्ता आत गेली. मी कपबशा गोळा करायच्या निमित्ताने तिथेच राहिले. मध्यस्थाला एवढं तरी करावंच लागतं.

दोघांच्या पाठी एकमेकांकडे होत्या. मग आण्णा कपाटाला म्हणाले, "माझी थोरली हुबळीला दिली. चार वर्सं झाली."

सर्जेराव गॅलरीला म्हणाले, "फोन करती का?"

"आईला करती."

"व्हय."

मी एकच कप तिसऱ्यांदा उचलून ठेवला.

"पावणं," आण्णा म्हणाले, "नेसरी काय इमानानं जायचं गाव न्हाय. येष्टीत बसायचं, उतरायचं. कधीबी या. आमच्या बाहेरच्या सोप्यात जागा हाय, पायजे तशी वाकडी बसा."

सर्जेरावांनी नुसती मान हलवली, जी आण्णांना दिसणं शक्य नव्हतं. मला दिसली. मग आण्णांनी खुर्चीचं बटण चाचपलं, पाठ मागे टेकवली आणि पाय लांब केले.

मी कपबशा घेऊन आत गेले. शालन ओट्याला धरून उभी होती, देसाईबाई तिच्या शेजारी. दोघींनी एकदमच माझ्याकडे बघितलं. पसंत नसलं की पाहुणे जेवायला थांबत नाहीत, हे तिघींनाही ठाऊक होतं.

"जेवायला थांबतायत," मी म्हटलं. "भाकरीचं पीठ काढ."