महादेव क्रिटिकल आहे

प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा रविवारी होती आणि आपण पास होणार, याबद्दल महादेव घरतला तिळमात्र शंका नव्हती. पास झाला की खारघरच्या नव्या इमारतीचं काम त्याच्याकडे येणार, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. अडचण एकच. नवीन पनवेलच्या त्याच्या दोन खोल्यांत पुस्तक उघडलं की बेल वाजायची. कोणाला भिंतीची ओल दाखवायची असे, कोणाला फुकटात नकाशा काढून हवा असे.

गुरुवारी सकाळी गावाहून, गव्हाणहून, चुलतभाऊ धोंडीचा फोन आला. "वयनी, दादाला दे."

"ते नाही येणार फोनवर," रोहिणी म्हणाली. ज्या कामांना एक दिवसही उशीर चालत नाही, त्यांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ, हे नवऱ्याने तिच्याकडून कालच घोकून घेतलं होतं. तिने ते ऐटीत वापरलं. "ते सध्या क्रिटिकल..."

लाइन कट झाली.

दुपारी टेम्पो दारात. त्यातून अर्धी आळी उतरली. सगळ्यांच्या पुढे गंगाबाई आत्या, एका हातात शहाळं, दुसऱ्या हाताने डोळ्यांना पदर.

"अहो आत्या, ऐका तर!" रोहिणी म्हणेपर्यंत मंडळी आतल्या खोलीत पोचली. तिथे दाढी वाढलेला महादेव कपाळाला ओला टॉवेल बांधून, डोळे मिटून पुटपुटत होता, "धोका टाळा. टळत नसेल तर दुसऱ्यावर ढकला. ढकलता येत नसेल तर स्वीकारा."

धोंडीने हंबरडा फोडला. "दादा भ्रमात गेला रे!"

महादेव दचकून उठला. "अरे, मला काही झालेलं नाही!"

"सगले असाच बोलतात," आत्या म्हणाली. "चला, बाहेर व्हा! या खोलीत आता कोन जानार नाय."

तिने टेम्पो भरून परत पाठवला आणि स्वतः दाराबाहेर पाट टाकून बसली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे कमळाकर आपल्या भिंतीची तक्रार घेऊन आले. आत्याने त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं.

इतकी शांतता महादेवने लग्नानंतर अनुभवली नव्हती. त्याने परिस्थितीचा नीट विचार केला. हा धोका टळणारा नव्हता, ढकलता येणारा तर नव्हताच. त्याने तो स्वीकारला आणि पुस्तक चादरीत ओढलं.

साहेब मोसंबी घेऊन आले. आत्याने मोसंबी ठेवून घेतली, साहेबांना वाटेला लावलं. महादेवला मात्र दोन्ही वेळा पेज. बाहेर करंजा बंदरावरच्या कोलंबीचं कालवण रटरटे आणि तो आत वास गिळत खर्चाचे अंदाज सोडवी.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो चोरपावलांनी दारापाशी आला. आत्या दह्याची वाटी घेऊन उभी होती.

"हात कर. पेपर नीट लिव."

"आत्या! तुला कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी. मरनारा मानूस कानावर पेन्सिल ठेवतं काय?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"टेम्पोभर मानसा रडत आलेली. त्यांना काय सांगू, पोराची परीक्षा हाय म्हनून?"

"आणि ती पेज?"

"लोका बगतात ना!"

महादेव पास झाला. खारघरचं काम मिळालं. पेढे घेऊन तो गव्हाणला गेला, तर आत्याच्या ओटीवर खोकणारी, कण्हणारी माणसं रांगेने बसलेली. मरणाच्या दारातून भाच्याला पेजेवर परत आणणारी बाई म्हणून तिचं नाव पार उरणपर्यंत गेलं होतं.

"अहो, हे पेढे कशाचे माहिती आहे का? मी..." महादेवने तोंड उघडलं.

आत्याने त्यात पेढा कोंबला. "बगा," ती रांगेकडे वळून म्हणाली, "आता गोडसुदीक पचतं त्याला."