टेपवरचे सहा

सेकंदकाकांना ताप भरला, आणि तोही नेमका मुलीच्या गाडीच्या दिवशी! रोज सकाळी काका गच्चीवर शॉर्टवेव्ह रेडिओ लावत, खरखरीतून येणारी टिकटिक कान देऊन ऐकत आणि सहाचा लांब ठोका पडला की हातातलं घड्याळ जुळवत. मग खाली येऊन भिंतीवरचं. मग खिडकीतून ओरडून वेळ सांगत, आणि अख्खी गल्ली आपापली घड्याळं लावी. लोक काकांना हसत, पण घड्याळं लावत.

"अहो, पडून राहा. एक दिवस घड्याळ नाही लावलं तर काय आभाळ कोसळणार आहे?" काकू म्हणाल्या.

"अगं, पोरीची पहिली नोकरी! तिकडे दिवसाला एकच गाडी जाते. ती चुकली तर उद्या हजर कोण होणार, तू?"

"मग मी जाते गच्चीवर. पण ते काटे जुळवणं माझ्याच्याने व्हायचं नाही, सांगून ठेवते."

"टेपरेकॉर्डर घेऊन जा. ठोका भरून आण. मी इथे ऐकून लावतो."

एरवी काकांना असलं सुचलंच नसतं. पण ताप डोक्यात गेला होता. आणि काकूंचं म्हणाल तर त्यांच्या लेखी ठोका तोच, म्हणजे वेळही तीच. त्यांनी तो व्यवस्थित टेपवर भरला. गच्चीवर आलोच आहोत तर म्हणून बादलीभर कपडे वाळत घातले. शेजारणीशी चार शब्द बोलल्या, लेक आता लांब जाणार म्हणून डोळे पुसले, आणि खाली येऊन बटण दाबलं.

ठोका पडला. काकांनी भिंतीकडे पाहिलं आणि ताडकन उठून बसले.

"बघ! एक दिवस लक्ष नाही दिलं तर वीस मिनिटं पुढे पळालंय बेटं!"

काटा मुकाट मागे आला. काकांनी खोकत खोकत खिडकीतून वेळ जाहीर केली. समोरच्या मास्तरांनी, वीस मिनिटं वाढून मिळाली म्हणून खुशीत पुन्हा पांघरूण ओढलं. मुलीनेही निवांत दुसरा चहा घेतला.

स्टँडवर पोचल्यावर मात्र काकूंनी वर पाहिलं. तिथल्या मोठ्या घड्याळात गाडीची वेळ केव्हाच टळून गेली होती.

"आई, गेली गं गाडी!" मुलगी रडकुंडीला आली.

"गेली कुठली? गाडी उभी आहे, ड्रायव्हरचाच पत्ता नाही!" कंट्रोलर खेकसला.

तेवढ्यात मागच्या गल्लीतले ड्रायव्हरसाहेब डबा हलवत रमतगमत आले. कंट्रोलरने त्यांना फैलावर घेतलं. ड्रायव्हरने शांतपणे मनगट पुढे केलं.

"साहेब, सेकंदकाकांच्या वेळेवर लावलंय. अजून दोन मिनिटं आहेत."

"काकांच्या?" कंट्रोलरचा आवाजच बसला. त्याने आपल्या घड्याळाकडे पाहिलं, स्टूल ओढलं, वर चढला आणि काटा मागे घेतला. "तरीच! कालपासून मला शंका येतच होती."

तेव्हा कुठे काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी घाईघाईने मुलीला गाडीत बसवलं आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवला.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू फुटलं. "माझ्यामुळे पोरीची नोकरी गेली असती हो!"

"माझ्यामुळे. ती टेपची अक्कल माझीच," काका म्हणाले. मग उठून त्यांनी मफलर गुंडाळला आणि चपला शोधायला लागले.

"आता या तापात कुठे निघालात?"

"स्टँडवर. ते घड्याळ नीट लावायला नको?"

"आणि लोकांना सांगणार काय?"

काका दारात थबकले. जन्मात कधी सेकंदाचंही खोटं बोलले नव्हते. थोडा विचार करून म्हणाले,

"खरं तेच सांगणार. तुमचं घड्याळ वीस मिनिटं मागे पडलंय!"