भानुदासभावजींचे गुरुजी

आमच्या शेजारचे भानुदासभावजी कुठलंही बटण दाबताना डावा हात पाठीमागे न्यायचे आणि सदऱ्याचं टोक घट्ट धरून ठेवायचे. दिव्याचं बटण असो की रेडिओचं. देवळातली घंटासुद्धा एका हातानं. इतकंच काय, लग्नात अक्षता टाकतानाही यांचा डावा हात पाठीला चिकटलेला. मी एकदा विचारलंच.

"वहिनी, विजेचा नेम हाय," ते म्हणाले. "एक हात लागला तर नुसता झटका. दोन्ही लागले तर दहावा."

"अहो, पण अक्षतांत कुठली आलीय वीज?"

"सवय म्हंजे सवय. आन लग्नात धोका लई असतो."

श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही तेव्हा राहायचो. आमचे हे शेतकी ऑफिसात, भावजी वायरमन. एकटा जीव, पन्नाशीला टेकलेला. कारखान्यातले टेलिफोनही तेच सांभाळायचे. जगातल्या कुठल्याही भानगडीवर त्यांचं एकच निदान ठरलेलं होतं: "दोष वस्तूत नसतो वहिनी, दोष जोडनीत असतो." आमटी खारट झाली तरी तेच. मी म्हणायचे, "भावजी, दोष माझ्या हातात होता, मीठ दोनदा पडलं." तर म्हणायचे, "तेच की. मिठाची आन आमटीची जोडनी चुकली." अशा माणसाशी कोण वाद घालणार?

कारखान्यात टेलिफोनचं नवं यंत्र आलं तेव्हा जुनं भंगारात निघालं. भावजींनी ते बैलगाडीत घालून थेट स्वतःच्या खोलीत आणलं. त्यात शेकडो खटके होते, वीज मिळाली की टकटक उघडझाप करणारे. त्या खटक्यांतून भावजींनी काय बनवावं? पत्रिका जुळवायचं यंत्र! समोर दोन चकत्या, एकीवर मुलाचं नक्षत्र लावायचं, दुसरीवर मुलीचं. वर छत्तीस बारके दिवे. बटण दाबलं की जितके गुण जुळतील तितके दिवे लागणार आणि शेवटी टेलिफोनची घंटा वाजणार. "मुंबईत मोठ्या हाफिसांत कॉम्प्युटर आलाय म्हनं. हा आपला देशी," असं ते सगळ्यांना सांगायचे. नाव मात्र ठेवलं होतं 'गुरुजी'.

फक्त गुरुजींनी एकही पत्रिका कधी जुळवली नव्हती. बटण दाबलं की काही दिवे मिणमिणायचे, खटके टर्रर्र करायचे आणि मग एकदम टक! पुढे नाही, मागे नाही. घंटेचा तर पत्ताच नाही. भावजी खिडकीतून ओरडायचे, "वहिनी, गुरुजी मौनात गेले!" वसाहतीत लोक हसून बेजार. आमचे हे म्हणायचे, "दक्षिणा ठेवल्याशिवाय बोलायचे नाहीत ते." मीही पोटभर हसून घ्यायचे. पण पुढे माझ्यावरच पाळी आली.

माझी नणंद कुसुम लग्नाची होती. नगरला नागापूरच्या नव्या कारखान्यांपैकी एकात फिटर असलेला सुरेश तिला पाहून गेला. दोघं एकमेकांना पसंत होती, आणि कुसुम तर त्या दिवसापासून उगाचच गाणी गुणगुणत होती. तेवढ्यात सुरेशच्या आईचा निरोप आला: जोशीबुवांनी सतराच गुण काढलेत, अठरा तरी हवेत, माफ करा. झालं! कुसुमची गाणी बंद. निवडलेलेच तांदूळ ती पुन्हा निवडत बसायची. मला बघवत नव्हतं.

भावजींना कळल्यावर ते पहिल्यांदाच चिडलेले पाहिले. "शिंगणापूरला घरांना दारंच न्हाईत," ते म्हणाले, "आन आपल्याकडं एका लग्नाला छत्तीस कुलपं!"

पण सुरेश पडला फिटर. गुरुजींची कीर्ती त्याच्याही कानावर गेली होती. त्यानं आईला विचारलं, "मशीननं सांगितलं तर ऐकशील?" ती माउली म्हणाली, "मशीन कशाला खोटं बोलेल? त्याला काय भावकी आहे?" ठरलं! गुरुवारी ती स्वतः येणार. आता गुरुजी अडले तर कुसुमचं लग्न मोडलंच म्हणायचं.

मग सुरू झाला उपचार. भावजींनी दवाखान्यातून स्पिरिट आणून खटके पुसले. आमची फुंकणी नेऊन धूळ उडवली, ती परत आली काळी होऊन. यंत्राच्या पोटातून एक पाल निघाली. भावजींनी हात जोडून तिला वाट दिली आणि म्हणाले, "सापडला दोष!" बटण दाबलं. टर्रर्र, टक. सासूबाईंनी नारळ फोडायला सांगितला तेव्हा ते म्हणाले, "यंत्राला नारळ लागत न्हाई." संध्याकाळी त्यांच्या उंबऱ्यावर करवंटी दिसली.

बुधवारी दुपारी मी ज्वारी निवडायला त्यांच्याच दारात बसले. भावजींनी डावा हात मागे नेला, बटण दाबलं. आणि माझं सुपावरचं लक्ष उडालं.

"भावजी, चकत्या तर तुम्ही अजून फिरवल्याच नाहीत. मग हे दिवे लागले कसे?"

"ते... तपासनीचे हायेत."

मी मोजले. बरोबर अठरा.

"मेले किती मंद लागलेत! आमच्याकडे इस्त्री लावली की घरातले दिवे अशीच मान टाकतात."

भावजी माझ्याकडे बघतच राहिले. मग कपाळावर हात मारला. "अवं, समद्या पाव्हन्यांना एकदम पंगतीला बसवलं! वाढपी उपाशी, मग पंगत पुढं सरकनार कशी?" म्हणजे यंत्राच्या बॅटरीतली सगळी वीज ते अठरा दिवेच गिळत होते आणि खटके हलवायला जोरच उरत नव्हता.

"मग सोपं आहे. ते अठरा काढून टाका."

"न्हाई," ते म्हणाले. "ते काढायचे न्हाईत."

हा माणूस असा तुटक कधी बोलायचा नाही. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला आणि मी सुपात मान घातली. नणंद माझी होती, मला कशाला नसत्या चौकशा?

गुरुवारी सुरेशची आई आली. दिव्यांना एक बॅटरी, खटक्यांना दुसरी. ही दुसरी ऊस घेऊन आलेल्या एका ट्रॅक्टरची, मालक चहा पीत असेपर्यंत उसनी आणलेली. चकत्या फिरल्या. भावजींचा हात पाठीमागे गेला. बटण दाबताच अठरा दिवे लख्ख लागले, खटके टर्रर्र करत राहिले, करत राहिले... कुसुमनं माझा दंड असा धरला की वळ उठला. एकोणिसावा दिवा काही लागेना. पुन्हा अडले की काय?

आणि घंटा वाजली.

बाईंनी बोट लावून दिवे दोनदा मोजले. "अठरा! म्हणजे जोशीबुवांचाच एक चुकला. मला वाटलंच होतं, हल्ली त्यांना दिसत नाही नीट." कुसुम आत पळाली.

पाहुणे गेल्यावर मी चहा घेऊन गेले. भावजी दिवे पुसत बसले होते.

"गुरुजी खोटं बोलले, भावजी."

"अठराच्या पुढचं समदं खरं बोलत्यात. कुनाचे पंचवीस, कुनाचे तीस, तिथं मी बोट लावलं न्हाई. फकस्त अठराच्या खाली कुनाला सोडायचं न्हाई, येवढंच बघितलं." त्यांनी फडकं झटकलं, पुन्हा घडी केली. "आमचे सतरा भरले हुते, वहिनी. समदं ठरलं हुतं. तिचा बाप म्हनला, येक कमी पडतोय." मग शेवटचा दिवा पुसत म्हणाले, "लई चांगली हुती वो ती."

त्या दिवशी मी कपबशी हातात घेऊन तशीच रडले.

पुढच्याच मुहूर्ताला कुसुमचं लग्न झालं. मंगलाष्टकं सुरू झाली तशी मी मुद्दाम मागे वळून पाहिलं. मांडवाच्या टोकाला भानुदासभावजी उभे होते आणि ओंजळी भरभरून, दोन्ही हातांनी अक्षता टाकत होते.