वस्तऱ्याखालची तोंडी परीक्षा

"सर, येशूचा जन्म कुठला हो?" सलूनवाल्या दादाने सरांच्या गळ्याला वस्तरा लावत विचारलं.

सरांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले. शाळेत पोरं त्यांना भोपळेसर म्हणत. पेपरांवर भोपळेच वाटायचे ते, अर्धा गुण कधी नाही. "अर्धा गुण देतो तो अर्धा मास्तर," असं वर ऐकवायचे. दादाच्या थोरल्या मुलीलाही नुकताच सामान्यज्ञानात भोपळा मिळाला होता. आणि हा त्याच पेपरातला पहिला प्रश्न!

"बेथलेहेम," सर ओठ न हलवता म्हणाले.

"बरं. मान वर करा. आणि सगळ्यात मोठा महासागर?"

दुसरा प्रश्न. सरांना दरदरून घाम फुटला. सर पेपर तपासत ते असे: हेडमास्तरांच्या मुलीचा पेपर पुढ्यात ठेवायचा. तिच्याशी जुळलं ते बरोबर, न जुळलं त्याला भोपळा. पहिला नंबर तिचाच यायचा. येणारच, मोजपट्टीच ती! यंदा तिने अंगात ताप असताना पेपर लिहिला. येशूला जेरुसलेममध्ये जन्माला घातलं, अटलांटिकला सगळ्यात मोठा केला, मंत्रिमंडळ राज्यपालांच्या हाती दिलं. निकाल लागल्यावर सरांच्या हे ध्यानात आलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. पोरांची वर्षं अशीच कापली जातात. वस्तऱ्याने कापलं तर निदान रक्त तरी दिसतं.

"प्र... प्रशांत."

"आणि राज्याच्या मंत्रिमंडळाचा प्रमुख?"

"मुख्यमंत्री!"

"हलू नका, कापेल." वस्तरा सरांच्या गळ्याच्या घाटीवर थांबला. दादा कानाशी वाकला. "आता एक खरं सांगा..."

"सांगतो!" सर किंचाळले. "दादा, मी पेपर वाचलेच नाहीत! हेडमास्तरांच्या पोरीचं चुकलं, तुझ्या थोरलीचं सगळं बरोबर होतं! पण वस्तरा काढ रे बाबा!"

बाकावरच्या गिऱ्हाइकांनी हातातली वर्तमानपत्रं खाली केली.

"मी विचारत होतो," दादा सावकाश म्हणाला, "वस्तरा केस ओढतोय का."

"मग ते प्रश्न?"

"थोरलीची फेरपरीक्षा आहे. रडून रडून शाळा सोडते म्हणतेय. घरी घोकून घ्यायचं तर उत्तरं मला कुठली यायला? म्हटलं, सर बसलेच आहेत आयते."

सरांच्या उजव्या गालावरचा फेस वाळत चालला होता. दादाने वस्तरा पुसला, मिटला आणि खिशात टाकला.

"उठा."

"अरे, उजवा गाल राहिला!"

"सगळ्या पोरांचे पेपर नीट तपासून या. मग करतो."

"आणि असा शाळेत जाऊ? हेडमास्तर दारातच उभे असतात!"

"जा की," दादाने पुढच्या गिऱ्हाइकासाठी खुर्ची झटकली. "तुम्ही अर्धा गुण देत नाही, सर. मी निदान अर्धी दाढी तरी दिली."